प्रशिक्षकाला नारळ आणि सरासरीची ओढ

११ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी, अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना नारळ दिला. आदल्याच दिवशी त्यांचा संघ जॉर्जिया सदर्न या दुबळ्या मानल्या जाणाऱ्या संघाकडून घरच्या मैदानावर ४५-४२ असा हरला होता. मुदतीपूर्वी काढले तर दीड कोटी डॉलर भरपाई द्यावी लागेल असे फ्रॉस्ट यांच्या करारात होते आणि १ ऑक्टोबरनंतर ही रक्कम निम्म्यावर येणार होती. म्हणजे विद्यापीठाने अवघे वीस दिवस कळ काढली असती तर ७५ लाख डॉलर वाचले असते. तेवढाही धीर त्याला धरवला नाही.

मला या खेळाचे विशेष वेड नाही, पण संख्याशास्त्राचे आहे, आणि या बातमीने एक प्रश्न मनात घर करून बसला. एखादा प्रशिक्षक खरोखरच वाईट आहे, केवळ दुर्दैवी नाही, हे समजण्यासाठी किती सामने पाहावे लागतात?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. हे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचे अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ एका हंगामात साधारण बारा नियमित सामने खेळतात. नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे. तेथे मोठा व्यावसायिक संघ नसल्यामुळे सगळा जीव विद्यापीठाच्या संघात अडकलेला असतो. लिंकन शहरातील मेमोरियल स्टेडियमची तिकिटे ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला पूर्ण विकली गेलेली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम ओमाहा व लिंकन यांच्या खालोखाल राज्यातील तिसरे मोठे ‘शहर’ बनते. संघाने १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांपैकी शेवटची तीन टॉम ऑस्बर्न यांच्या कारकिर्दीतली होती. ऑस्बर्न पंचवीस हंगाम प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघाने एकाही हंगामात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, होता स्कॉट फ्रॉस्ट. पुढे प्रशिक्षक म्हणून २०१७ साली सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला १३-० असा निष्कलंक हंगाम मिळवून देऊन तो माहेरी परतला, तेव्हा लोकांनी त्याचे कसे स्वागत केले असेल याची कल्पना करता येईल.

त्यानंतरचे आकडे असे आहेत: २०१८ मध्ये ४ विजय आणि ८ पराभव, २०१९ मध्ये ५-७, महासाथीच्या २०२० मध्ये ३-५, २०२१ मध्ये ३-९ आणि २०२२ मध्ये काढले जाईपर्यंत १-२. एकूण १६ विजय, ३१ पराभव. मात्र यातला २०२१ चा हंगाम भिंगाखाली धरून पाहण्यासारखा आहे. नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले होते. हरलेल्या सामन्यांतील तूट एकत्र केली तर ती ५६ गुण भरते, आणि जिंकलेल्या तीनच सामन्यांतील आघाडी ११९ गुण. हंगामभरात ३३५ गुण मिळवून आणि २७२ गुण देऊन, म्हणजे ६३ गुणांनी पुढे राहून, हा संघ बारापैकी नऊ सामने हरला.

मिशिगन स्टेटविरुद्धच्या सामन्यात शेवटची चार मिनिटेही उरली नव्हती आणि नेब्रास्का २०-१३ असे पुढे होते. चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात देण्याची, म्हणजे पंटची, वेळ आली. बचावाची फळी एका बाजूला धावली आणि चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. पकडणाऱ्या खेळाडूसमोर जवळजवळ मोकळे मैदान होते. तो ६२ यार्ड धावत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत नेब्रास्का २३-२० असे हरले. प्रश्न असा की हा एक पंट प्रशिक्षकाच्या खात्यात किती मांडायचा आणि नशिबाच्या खात्यात किती?

येथून गणित सुरू होते. एक सर्वस्वी मध्यम संघ घेऊ, ज्याची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता नेमकी निम्मी आहे. बारा वेळा नाणे उडवण्यासारखेच हे आहे. बारा नाणेफेकींचे एकूण ४,०९६ प्रकार होतात आणि त्यांपैकी ७९४ प्रकारांत छापा चार किंवा त्याहून कमी वेळा पडतो. टक्केवारीत हे १९ हून थोडे अधिक होते. म्हणजे ज्याच्यात काहीही बिघडलेले नाही अशा मध्यम प्रशिक्षकाच्या वाट्यालाही पाच हंगामांत सरासरी एकदा ४-८ किंवा त्याहून वाईट निकाल येणारच. आणि नेमक्या त्याच हंगामानंतर त्याच्या राजीनाम्याची मागणी होते.

आता पुढच्या वर्षी काय होईल? नाण्याला मागचे काही आठवत नसते, त्यामुळे पुढच्या हंगामाची अपेक्षा पुन्हा सहा विजयांचीच राहते. जुनाच प्रशिक्षक ठेवला तरी विजय चारवरून सहाकडे जातील आणि नवा, तितकाच मध्यम, आणला तरीही सहाकडेच जातील. फरक एवढाच की दुसऱ्या परिस्थितीत श्रेय नव्या प्रशिक्षकाला मिळेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याच्या वजनावर लेख लिहीत बसतो. ताप अगदी चढलेला असताना अंगारा लावला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, की अंगाऱ्याचे माहात्म्य वाढते, त्यातलाच हा प्रकार आहे. बहुतेक ताप सर्वाधिक चढल्यावर उतरणारच असतात आणि अंगारा लावायची आठवणही नेमकी तेव्हाच होते. ‘नव्या प्रशिक्षकाने ड्रेसिंग रूमची संस्कृती बदलली’ असे दूरचित्रवाणीवर ठामपणे सांगणारे विश्लेषक माझ्या मते सूट घातलेले अंगारेवालेच आहेत.

या घटनेचे शास्त्रीय नाव प्रतिगमन, म्हणजे सरासरीकडे परत येणे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीच्या नोंदींवरून ती मांडली. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण आईवडिलांइतकी नव्हे; सरासरीपासूनचे त्यांचे अंतर साधारण दोन तृतीयांश उरते. गॉल्टन यांनी निबंधाच्या शीर्षकात यासाठी जो शब्द योजला त्याचा अर्थ ‘सामान्यपणा’ असा होतो. गंमत म्हणजे २००३ साली नेब्रास्काच्या क्रीडासंचालकांनी प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढले, तेव्हा आपला संघ सामान्यपणाकडे घसरू देणार नाही असे सांगताना त्यांनीही इंग्रजीतला तोच शब्द वापरला. सोलिच यांची सहा हंगामांची कामगिरी ५८-१९ अशी होती आणि त्या वर्षी संघ ९-३ वर होता. पुढच्याच वर्षी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ ५-६ झाला आणि १९६१ नंतर प्रथमच नेब्रास्काच्या हंगामात विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. सरासरीकडे ओढ दोन्ही बाजूंनी असते. वर असलेल्यांना ती खाली आणते, ही गोष्ट क्रीडासंचालकांच्या हिशोबात नव्हती.

अर्थात सगळेच प्रशिक्षक नाण्यासारखे नसतात. काही खरोखर चांगले असतात, काही वाईट. मग दिसणाऱ्या निकालातून खरी योग्यता कशी काढायची? यासाठी मला अतिशय आवडणारी एक युक्ती आहे. संघाच्या खऱ्या निकालात आपल्या पूर्वकल्पनेचे काही काल्पनिक सामने मिसळायचे. समजा, प्रशिक्षकाविषयी काहीही माहीत नसताना तो मध्यम असावा अशी आपली धारणा आहे आणि त्या धारणेला आपण एका हंगामाचे वजन देतो, म्हणजे सहा काल्पनिक विजय आणि सहा काल्पनिक पराभव. मग ४-८ असा पहिला हंगाम झाला की एकूण २४ सामन्यांत दहा विजय होतात. हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे, म्हणजे पुढच्या बारा सामन्यांत पाच विजयांची अपेक्षा. दिसलेला आकडा चार होता, धारणेचा सहा, आणि उत्तर दोहोंच्या मधोमध आले. सामने वाढत जातात तसे काल्पनिक सामन्यांचे वजन आपोआप कमी होत जाते. फ्रॉस्ट यांच्या ४७ सामन्यांनंतर हिशोब ५९ पैकी २२ असा होतो, म्हणजे ३७ टक्के. प्रत्यक्ष निकाल ३४ टक्क्यांचा होता. आता धारणेला फारसे विचारायची गरज उरत नाही. पहिल्या हंगामानंतर धीर धरणे शहाणपणाचे होते. पाचव्या हंगामात मात्र ते केवळ माया लावून बसणे होते.

चाहत्यांचा खरा वाद माझ्या मते येथेच आहे. बाहेरचा माणूस सहा-सहाची धारणा घेऊन येतो. नेब्रास्काचा चाहता ऑस्बर्न यांची पंचवीस वर्षे घेऊन येतो आणि त्याच्या मनातले काल्पनिक सामने दहा विजय, दोन पराभव असे असतात. त्याच ४-८ नंतर त्याचा हिशोब २४ पैकी १४ असा होतो, म्हणजे पुढच्या वर्षी सात विजय. पाच झाले की बाहेरचा म्हणतो, अपेक्षेप्रमाणे झाले, आणि चाहता म्हणतो, पुन्हा फसवणूक झाली. दोघांचेही गणित बरोबर आहे. सरासरी कोणती धरायची यावर त्यांचे एकमत नाही. आणि नव्वदच्या दशकातली सरासरी आता कोणाचीच राहिलेली नाही. प्रत्येक संघाला देता येणाऱ्या शिष्यवृत्त्या ८५ वर मर्यादित झाल्या, सगळ्यांचेच सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि दूरच्या थंड राज्यात येण्यासाठी होतकरू खेळाडूला पूर्वीइतके कारण उरले नाही.

एक अवघड मुद्दा मी टाळणार नाही. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्याचे, सहा आणि त्यानंतरचे जास्तीत जास्त दोन असे आठ गुण एका फटक्यात मिळू शकतात, म्हणून आठ किंवा कमी गुणांनी सुटलेल्या सामन्याला निसटता सामना म्हणतात. अशा सामन्यांत फ्रॉस्ट यांची कामगिरी ५-२२ अशी होती. २७ नाणेफेकींत पाच किंवा कमी छापे पडण्याची शक्यता सुमारे १,३२० मध्ये एक इतकी आहे. म्हणजे हे नशीब नव्हे असे म्हणावे, तर थांबा. सर्वोच्च श्रेणीत सुमारे १३० संघ आहेत. प्रत्येक संघाने असे २७ सामने खेळले असते, तर केवळ योगायोगाने कोणा एकाच्या तरी वाट्याला ५-२२ येण्याची शक्यता साधारण दहात एक होते, आणि आपले लक्ष जाते ते नेमके त्या एकाकडेच. लॉटरी लागलेल्याच्या घरीच वार्ताहर जातो. तरीही दहात एक ही शक्यता लहानच आहे, आणि दुसऱ्या बाजूला डब्लिनचा सामना आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू जवळच टोलवून स्वतःच परत पकडण्याची, ऑनसाइड किकची, जोखीम घेतली. ती फसली आणि संघ ३१-२८ असा हरला. लंबगोल चेंडू कसा उसळेल हे नशीब ठरवते, पण अकरा गुणांनी पुढे असताना तो जुगार खेळायचा की नाही हे प्रशिक्षक ठरवतो.

मग काढून टाकल्याने काही साधते का? हे तपासायचे असेल तर काढलेल्यांची तुलना तितकीच वाईट कामगिरी असूनही न काढलेल्यांशी करावी लागते, म्हणजे सरासरीची ओढ दोन्हीकडे सारखी राहते. स्कॉट ॲडलर, मायकल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० या काळातील विद्यापीठ फुटबॉलवर हेच केले. अत्यंत वाईट संघांत प्रशिक्षक बदलल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही, आणि मध्यम संघांत बदल करणारे बदल न करणाऱ्यांपेक्षा मागे पडले. नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ या काळातील व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या गोल चेंडूच्या खेळाचा, अभ्यास करून बास टेर वेल यांनाही नवा प्रशिक्षक आणल्याचा खराखुरा लाभ आढळला नाही.

तरीही चाहते हे ऐकणार नाहीत, आणि त्याचे कारणही मोजले गेलेले आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकी विद्यापीठांतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. संघ शनिवारी जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. दूरध्वनीवर सामन्याविषयी विचारले तर विजयाबद्दल बोलताना ‘आम्ही’ अधिक वेळा येई आणि पराभवाबद्दल बोलताना ‘ते’. नेब्रास्कात साठ वर्षे रिकामी खुर्ची न सोडणाऱ्या माणसाला ‘ते’ म्हणणे परवडत नाही, कारण ‘ते’ म्हटले तर त्याचे स्वतःचेच काय उरते? म्हणून तो संघाला ‘आम्ही’ ठेवतो आणि एका माणसापुरते ‘ते’ वापरतो. तो माणूस प्रशिक्षक.

फ्रॉस्ट यांच्यानंतर मॅट रूल आले. पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, ५-७ असा निकाल लागला आणि शेवटचे चारही सामने संघ निसटत्या फरकाने हरला. सहा-सहाची धारणा त्यात मिसळली तर २४ पैकी ११, म्हणजे पुढच्या बारा सामन्यांत साडेपाच विजयांची अपेक्षा निघते. २०२४ च्या नियमित हंगामात सहा विजय आले आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सातवा. हे उदाहरण येथे दिले ते जुळले म्हणून. जुळले नसते तर मीही बहुधा दुसरे शोधले असते.