इफच्या कंसातलं मोठ्याने वाचून बघा

नोव्हेंबर 2003 मधली गोष्ट. लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सोर्स कोडची एक कॉपी वेगळ्या सर्व्हरवर असायची, त्यात कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर बघितलं तर साधं इफचं, म्हणजे अट तपासण्याचं चेकिंग, की अमुक दोन फ्लॅग (चालू-बंद पर्याय) एकत्र आले आणि युजरचा नंबर शून्य असेल तर एरर द्या. पण शून्याच्या आधी == ऐवजी एकच = होतं. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत == म्हणजे तुलना आणि = म्हणजे किंमत भरणं, त्यामुळे तो कोड "शून्य आहे का" असं विचारत नव्हता, सरळ शून्य करून टाकत होता, आणि लिनक्समध्ये शून्य नंबरचा युजर म्हणजे रूट, अख्ख्या मशीनचा मालक! वर भरलेली किंमत शून्य, शून्य म्हणजे खोटं, म्हणून एररही येत नाही. && (म्हणजे "आणि") नंतर त्या = वाल्या भागाला कंस घालावाच लागतो, आणि कंस दिसला की जीसीसीला (सी चा कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या कंपाइलरला) वाटतं हे मुद्दाम केलंय, मग ते वॉर्निंगही देत नाही. मूळ रिपॉझिटरीत, म्हणजे खरा कोड ठेवतात तिथे, असा बदलच नाही हे लक्षात आलं म्हणून पकडलं गेलं, नाहीतर नुसत्या डोळ्यांना ते दिसणं खरंच अवघड होतं.

काही जण म्हणूनच 0 == नंबर असं उलटं लिहितात, एक = राहून गेलं तर कंपाइलच होत नाही. बरोबर आहे, पण वाचताना अडखळायला होतं, मला नाही आवडत. वॉर्निंग सगळ्या चालू ठेवा आणि इफच्या आत किंमत भरूच नका.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गणिताच्या वहीसारखं 18 <= वय <= 60 लिहिणं. समजा वय 75 आहे. सी आधी 18 <= 75 बघतं, ते खरं, म्हणून उत्तर 1, मग 1 <= 60 बघतं, तेही खरं. आजोबा पास! वय काहीही घाला, उत्तर खरंच येणार. तिथे वय >= 18 && वय <= 60 असंच लिहायला हवं.

हेच कोणी !(वय < 18 || वय > 60) असं लिहितं. चूक नाहीये, पण मोठ्याने वाचा, "अठराच्या खाली किंवा साठच्या वर असं नसेल तर", ऐकणारा दोनदा विचारेल. त्यापेक्षा अख्ख्या अटीला एक नाव द्या, पात्र_आहे, म्हणजे खाली नुसतं इफ (पात्र_आहे) राहतं आणि उद्या 60 चं 65 झालं तर बदल एकाच ओळीत.