अस्तर जाड दिसलं म्हणून पिशवी काढायची?

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली, हा आकडा २०१९ साली विधिमंडळात सांगितला गेला. चर्चा झाली ती मुख्यतः ऊसतोड करणाऱ्या बायकांची. खाडा (कामाचा दिवस बुडाला की होणारा दंड), उचल (आगाऊ घेतलेले पैसे), टोळी नेणारा मुकादम यांवर बरंच लिहून झालंय. मला बोलायचंय ते सोनोग्राफीच्या रिपोर्टमधल्या एका ओळीबद्दल: ‘बल्की युटेरस, एन्डोमेट्रियम १४ मिमी’, म्हणजे गर्भाशय मोठं, आतलं अस्तर १४ मिमी जाड. एवढ्यावर बाईला सांगितलं जातं, “पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” त्या ओळीतून असं काहीही निघत नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय जरा मोठं असतंच. आणि पाळी येण्याआधीच्या आठवड्यात निरोगी बाईचं अस्तरही १४ मिमी भरू शकतं.

मग सोनोग्राफीला नेमकं दिसतं काय? प्रोब, म्हणजे तपासताना अंगाला टेकवतात तो दांडा, ध्वनीचे बारीक ठोके सोडतो. शरीरात ते सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातात. एक सेंटिमीटर खोलवरून परतायला १३ मायक्रोसेकंद लागतात. या वेळेवरून यंत्र खोली काढतं. पण प्रतिध्वनी उमटायला फरक लागतो. ऊतीची घनता आणि तिच्यातला ध्वनीचा वेग यांचा गुणाकार जिथे बदलतो, तिथूनच ध्वनी परततो. फायब्रॉइडची गाठ स्नायूची असते, म्हणून पडद्यावर पांढऱ्या दिसणाऱ्या अस्तराशेजारी ती काळपट उठून दिसते. पॉलिप मात्र अस्तराच्याच ऊतीचा वाढलेला कोंब. पांढऱ्या अस्तरात पांढरा पॉलिप, ध्वनीला फरक कळणार कसा? त्यात गर्भाशयाची पोकळी एरवी पोकळ नसतेच. दुमडून ठेवलेल्या रिकाम्या गोणीसारख्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. यंत्र दोन्ही थरांची मिळून एकच जाडी मोजतं आणि मध्ये दबलेला पॉलिप त्याच मापात जातो. पोटावरून तपासताना साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात, त्याची तरंगलांबी ०.४४ मिमी. योनिमार्गातून तपासताना ७ मेगाहर्ट्झ चालतो, तरंगलांबी निम्मी होते आणि बारकावा वाढतो. जास्त वारंवारितेचा ध्वनी खोल पोचत नाही, म्हणून प्रोब गर्भाशयाजवळ न्यावा लागतो. तरीही पांढऱ्यात पांढरं ही अडचण उरतेच.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. बारीक नळीने थोडंसं सलाईन आत सोडायचं. भिंती सुट्या होतात, सलाईन पडद्यावर काळंशार दिसतं आणि त्यात पॉलिप स्पष्ट उभा राहतो. यंत्र तेच, ध्वनी तोच. आपण फक्त फरक निर्माण केला. ‘फोर-डी सोनोग्राफी’च्या पाट्या लावून जे साधत नाही, ते काही मिलिलिटर सलाईन साधतं.

हिस्टेरोस्कोपीतही सलाईनच भिंती दूर करतं, पण तिथे ध्वनीऐवजी प्रकाश असतो. पोटाला छेद न देता, तीन-चार मिलिमीटरची दुर्बीण गर्भाशयाच्या मुखातून आत जाते. १८६९ साली पांतालेओनी या डॉक्टरने अशा तपासणीत एका साठीच्या बाईच्या गर्भाशयातला पॉलिप पाहिला होता. पोकळीतल्या गोष्टींसाठी, म्हणजे पॉलिप, आत डोकावणारा फायब्रॉइड किंवा पोकळी दुभागणारा पडदा यांसाठी, साध्या सोनोग्राफीपेक्षा हिस्टेरोस्कोपी नक्कीच जास्त भरवशाची. बरेचदा पॉलिप दिसला की त्याच बैठकीत काढताही येतो. नुसत्या क्युरेटिंगमध्ये, म्हणजे अस्तर खरवडून काढताना, अवजार आंधळेपणाने फिरतं आणि पॉलिप बाजूला सरकून तसाच राहू शकतो.

पण दुर्बिणीला पृष्ठभागच दिसतो. भिंतीच्या आतला फायब्रॉइड, स्नायूत शिरलेलं अस्तर म्हणजे अ‍ॅडेनोमायोसिस, अंडाशयातली गाठ, हे सगळं तिच्या नजरेबाहेरचं. तिथे सोनोग्राफीच हवी. कॅन्सर आहे की नाही, हे दोघींपैकी कुणीच ठरवत नाही, तुकडा काढून केलेली बायोप्सी ठरवते. पाळी कायमची थांबल्यावर अंगावरून लाल गेलं तर थांबायचं नाही, लगेच तपासायचं. त्या वयात अस्तर नीट मोजता आलं आणि ४ मिमी किंवा त्याहून पातळ निघालं, तर कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. हाच निकष पाळी चालू असलेल्या तिशीतल्या बाईला लावणं साफ चूक आहे.

पाळी चालू असेल तर तपासणीचा दिवसही पाहावा लागतो. रक्तस्राव थांबल्यावर लगेचच्या दिवसांत अस्तर पातळ असतं, तेव्हा सोनोग्राफी आणि दुर्बीण दोन्हींना नीट दिसतं. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर निघतात, म्हणून ही तपासणी भाद्रपदातच उरकलेली बरी. म्हणजे अस्तर जाड निघालंच, तर पुढच्या पाळीनंतर ते पुन्हा मोजायला आणि बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघायला बाई गावातच असेल.