वाऱ्यातला नेम: क्रीडमूरपासून आजच्या शिकारी रायफलीपर्यंत

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानात अमेरिका आणि आयर्लंडचे सहा-सहा नेमबाज ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. प्रत्येक अंतरावर प्रत्येकाचे १५ बार. आयरिशांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या, मागून काडतूस भरायच्या. एका आयरिश नेमबाजाची गोळी मधोमध बसली, पण शेजारच्या लक्ष्यावर, त्यामुळे गुण शून्य. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली आणि लांबच्या नेमाला ठासणीचीच रायफल हवी, हा समज डळमळला. (जिम कॉर्बेटच्या .२७५ रायफलीमुळे आपल्याकडे ओळखीची झालेली रिग्बी ती हीच.)

या रायफलींवर मागे व्हर्नियर पट्टी, म्हणजे नेमाची उंची बारकाईने ठरवायची मोजपट्टी असे. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) स्क्रूने डावीउजवीकडे सरके आणि तिच्याजवळ छोटी पाणसळ बसवलेली असे. पाणसळ शोभेची नव्हती. काळ्या दारूची संथ गोळी १००० यार्ड पोचवायला नळी बरीच उंच धरावी लागते. अशा वेळी रायफल किंचित कलली तरी गोळी बाजूला जाते आणि खापर वाऱ्यावर फुटते. आजही डोंगरउतारावर हीच चूक सर्रास होते.

त्याच काळात शार्प्स घेऊन अमेरिकेच्या मैदानांत बायसन मारणारे शिकारी मात्र दंतकथांइतके लांबून मारत नसत. फुलीसारख्या बांधलेल्या दोन काठ्यांवर नळी टेकवून, साधारण २००-३०० यार्डांतच त्यांचे बहुतेक काम चाले. जनावराला वास जाऊ नये म्हणून ते वाऱ्याकडे तोंड करून बसत, आणि समोरचा वारा गोळीला बाजूला फारसा नेत नाही, हा फायदा आपोआप मिळे.

वारा गोळीला ढकलत नेतो ही कल्पना अर्धवट आहे. गोळी किती वेळ हवेत होती यापेक्षा हवेच्या अडथळ्यामुळे तिला किती उशीर झाला, यावर सरकणे ठरते. एकोणिसाव्या शतकातच फ्रेंच तज्ज्ञ दिदिओं यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सोपे आहे: उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग. सेकंदाला ८२० मीटर वेगाने सुटलेली गोळी वेग न गमावता ४६० मीटर ०.५६ सेकंदात जाईल. १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) सडपातळ ६.५ मिलिमीटर गोळी प्रत्यक्षात सुमारे ०.६५५ सेकंद घेते. फरक जेमतेम ०.०९५ सेकंद. सेकंदाला ४.५ मीटर आडवा वारा असेल, तर गोळी सुमारे ४३ सेंटिमीटर सरकते.

म्हणून पुढचा इतिहास उशीर कमी करण्याचा आहे. १८९८ मध्ये फ्रेंचांनी टोकदार, मागे निमुळती गोळी आणली. जर्मनीने १९०५ मध्ये आणि अमेरिकेने १९०६ मध्ये टोक घेतले, पण बूड सपाटच ठेवले. अमेरिकेची १५० ग्रेनची गोळी कागदावरच्या पल्ल्याच्या बरीच अलीकडे पडते, हे पहिल्या महायुद्धात उघड झाले. तिच्यासाठीचा सैनिकी ठोकताळा असा: शेकड्यांतले यार्ड गुणिले ताशी मैल वारा, भागिले १०, म्हणजे दुरुस्तीची मिनिटे (वेळेची नव्हे, कोनाची; एका अंशात ६०). पुढे ७.६२ मिलिमीटरच्या जड गोळीसाठी भाजक ५०० यार्डांपर्यंत १५ झाला आणि १००० यार्डांवर ११, कारण दूर जाताना सरकणे अंतरापेक्षा झपाट्याने वाढते.

लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतल्या आट्यांचा (आतल्या नागमोडी खाचांचा) पीळ घट्ट लागतो, आणि रायफल निवडताना घोटाळा इथेच होतो. १९२५ च्या .२७० विंचेस्टर काडतुसाच्या नळीत रूढ पीळ १० इंचांत एक फेरा. तिच्यात आजची सर्वांत लांब गोळी घातली तर ती नीट स्थिरावत नाही. २००७ च्या ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या नळीचा नेहमीचा पीळ ८ इंचांत एक फेरा. नाव अर्थात त्याच मैदानाचे.

लेझर अंतरमापकामुळे अंतराचा अंदाज चुकण्याचे कारण उरले नाही. वाऱ्याचे तसे झालेले नाही. वरच्याच गोळीसाठी वारा सेकंदाला फक्त १ मीटर चुकीचा धरला, तर २७५ मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर, ४६० वर ९ आणि ७३० वर २५ सेंटिमीटर फरक पडतो. हरणाचा मर्मभाग २०-२५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मधोमध नेम धरला तरी एका बाजूला जेमतेम १०-१२ सेंटिमीटर जागा. ४६० मीटरवर ही चूक कशीबशी खपते. ७३० वर गोळी पोटात जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. तिथे महागडी रायफलही कामाची नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्यामुळे हा हिशेब वायोमिंगची गवताळ माळराने किंवा स्कॉटलंडचे डोंगर यांचा. तिथे शिकारीजवळ वारा मोजायचे यंत्र असते, पण ते फक्त हातापाशीचा वारा सांगते. सुरुवातीला मिळालेला आडवा वेग गोळी शेवटपर्यंत बाळगते, म्हणून जवळचा वारा महत्त्वाचा खरा. पण मध्ये घळ असेल तर गोळी जमिनीपासून खूप उंचावरून जाते, आणि तिथला वारा गवत पाहून कळत नाही. दुर्बिणीतून दिसणाऱ्या तापल्या हवेच्या लहरी काही मदत करतात, तीही ताशी १२ मैलांच्या आसपासपर्यंतच. त्यापुढे लहरी आडव्या सपाट होतात आणि १५ काय, २० काय, सारखेच दिसते.