लेकरांना घेऊन हुरड्याला येताय? आधी एवढं वाचा

आमच्या शेतावर येणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक
(हुरड्याचा हंगाम: डिसेंबर अखेर ते जानेवारी अखेर)

नमस्कार. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतावर हुरड्याला येणाऱ्यांमध्ये लहान लेकरांची कुटुंबं जास्त असतात. फोनवर आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मुलांसाठी काय काय आहे?" झोका आहे, बैलगाडी आहे, ऊस आहे. पण लेकरं खरी रमतात ती काम मिळाल्यावर. मोठी माणसं करतात तेच काम, त्यांच्या हाताला झेपेल एवढं. तुमचा दिवस त्या अंगाने जावा असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून हे चार शब्द.

हुरडा कसा तयार होतो

आमची ज्वारी रब्बीची. पाऊस ओसरला की हस्त नक्षत्राच्या आगेमागे, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा होतो. कणसात आधी चीक भरतो, मग दाणा हुरड्यात येतो आणि त्यानंतर वाळून कडक होतो. मधली हुरड्याची अवस्था थोडेच दिवस टिकते. तेव्हा दाण्यात साखर असते, पुढे तिचं पिठात रूपांतर होतं आणि गोडी जाते. म्हणून आम्ही सगळं वावर एकदम पेरत नाही, तुकड्या-तुकड्यांनी पेरतो. गूळभेंडी, सुरती, कुचकुची हे हुरड्याचे नावाजलेले वाण. आमच्याकडे गूळभेंडी असते, कारण तिचा दाणा गोड आणि बोंडातून चटकन सुटतो. लहान हातांना तेच सोपं जातं.

आल्यावर लेकरांना थेट जेवायला बसवू नका. आधी वावरात न्या. कणीस हुरड्यात आलंय का हे नखाने दाणा दाबून कळतं: पाणीदार दूध आलं तर कच्चं, दाणा मऊ पण भरीव लागला तर तयार, नख उमटलंच नाही तर वेळ निघून गेली. सहा-सात वर्षांचं लेकरू हे दोन-तीन कणसांत शिकतं आणि मग अख्ख्या घराची कणसं तेच निवडतं. खुडताना गडी सोबत असतो, विळा त्याच्याच हातात राहतो.

मग आगटी. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. जाळ बसून निखारे झाले की कणसं राखेत खुपसायची, दांडे बाहेर. दाणे तडतडायला लागले की फिरवायची. भाजायचं काम आमचं, पण कणीस बाहेर आलं की पुढचं काम लेकरांचं. सुरुवातीला ती बोटांच्या चिमटीने एकेक दाणा टिपत बसतात. थोडं टिपू द्या, घाई करू नका. मग दाखवा: कणीस किंचित निवलं की दोन्ही तळव्यांत धरायचं, दाबून गोल चोळायचं, खाली सूप. हिरवे दाणे आणि बोंडं एकत्र पडतात. सूप जरासं तिरकं करून फुंकर मारली की बोंडं उडतात, दाणे राहतात. पहिली फुंकर नेहमी जोरात बसते आणि निम्मे दाणे खाली जातात. जाऊ द्या, चिमण्या-साळुंक्या वाट बघत असतातच. दुसऱ्या सुपाला फुंकर बरोबर बसते.

हुरडा गरमच खायचा, गार झाला की चिवट लागतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ आणि हरभऱ्याचे ढाळे असतात. ढाळ्यावरचे घाटे सोलणं हे तीन-चार वर्षांच्या लेकरांचं आवडतं काम. अर्धा-अर्धा तास उठत नाहीत.

लेकरांना काय काम द्यावं

दोन-तीन वर्षांच्या लेकराला टोपलीतली बोरं एका ताटातून दुसऱ्यात टाकायला दिली तरी पुरे. पाच-सहा वर्षांचं लेकरू माणसं मोजून पत्रावळी मांडतं. आठ-नऊ वर्षांच्यांना जात्यावर बसवतो. दोघं समोरासमोर बसली की जातं फिरतं, एकट्याने जड जातं, आणि भावंडांचं भांडण तिथे आपोआप मिटतं. बारा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना गोफण शिकवतो. गोफणीत दगड घालत नाही, मातीचा मऊ गोळा घालतो. तोंड मोकळ्या वावराकडे आणि मागे कोणीही उभं नको.

एक विनंती. लेकरू काम करत असताना "असं नाही, इकडे दे" म्हणून हातातून काढून घेऊ नका. फोटोसाठी मध्येच थांबवूही नका. आजी-आजोबा सोबत असतील तर सूप आणि जातं त्यांच्या ताब्यात द्या. त्यांनी हे सगळं केलेलं असतं, आणि नातवंडं आमच्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

मोबाईलवर आमची सक्ती नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेला सल्ला माहीत असावा: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. शेतावर लेकरू मोबाईल मागतं ते बहुतेकदा मोठ्यांच्या हातात दिसतो म्हणून. तुमचा गाडीत ठेवून या, त्याचाही विषय संपतो.

काळजीच्या गोष्टी

पाच वर्षांखालच्या लेकरांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक हरभरे देऊ नका. घशात अडकून श्वास कोंडतो. त्यांना कूट किंवा चटणी द्या. हुरडाही अगदी लहानग्यांना कुस्करून भरवा, आणि पळता-पळता कोणालाच खाऊ देऊ नका. मध एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचा नाही, चाखण्यापुरतासुद्धा नाही.

आगटीभोवती चुन्याची रेघ असते, तिच्या आत लेकरं नकोत. राख वरून गार दिसते, आत निखारा असतो. विहिरीला जाळी आहे, तरीही मोठ्या माणसाशिवाय तिकडे जायचं नाही. वावरात चप्पल चालत नाही, पाय झाकणारे बूट हवेत. कडब्याच्या गंजीत आणि दगडांच्या ढिगात हात घालू द्यायचा नाही, तिथे साप-विंचू असू शकतात. सकाळी गारठा असतो आणि दुपारी ऊन लागतं, म्हणून स्वेटर आणि टोपी दोन्ही आणा. जुने कपडे घाला, राखेचे हात कुठेही पुसले जातात.

वेळ अमावस्या

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आम्ही पैसे घेऊन कोणालाही बोलावत नाही. तो घरचा सण. त्या दिवशी लातूर, धाराशिव भागातली गावं आणि बाजारपेठा ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, धपाटे. तुमचं किंवा नात्यातल्या कोणाचं शेत असेल तर त्या दिवशी लेकरांना तिथेच न्या. शेत नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा. येळवशीला वावरात आलेल्याला जेवल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही.

अंधार पडेपर्यंत थांबणार असाल तर

जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला पूर्वेकडे बघा. एका ओळीत तीन तारे दिसतात, तो मृगातला बाण. ती ओळ खाली वाढवली की सगळ्यात तेजस्वी तारा, तो व्याध. वर झुबक्यासारख्या दिसतात त्या कृत्तिका. शेतकरी जूनमध्ये ज्या मृगाची वाट बघतो, तो हाच. पण जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा तो रात्री दिसत नाही. आठ-दहा वर्षांच्या लेकरांना हे सांगा, पुढचा प्रश्न तीच विचारतात.

घरी गेल्यावर

शेतावरचं काम आठवड्यात विसरायला नको, म्हणून काही गोष्टी घरी करता येतात. जाताना आम्ही मूठभर ज्वारीचं बी देतो. ते पुढच्या सप्टेंबर अखेरीस गच्चीवर मोठ्या बादलीत पेरा, बादलीला खाली भोकं पाडून. पाणी लेकरानेच घालायचं. पोपटांपासून कणीस वाचवणं हे सगळ्यात अवघड काम, जुना दुपट्टा बांधावा लागतो.

पावसाळ्यात सरळ उभ्या काठाची बरणी अंगणात ठेवा आणि रोज सकाळी ठराविक वेळेला पट्टीने मिलिमीटर मोजून वहीत लिहायला लावा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे तेव्हा तान्ही असलेल्या मुलांना आता सांगण्यासारखं आहे. वहीतल्या कोऱ्या रकान्यांमुळे ते जास्त नीट समजतं.

स्वयंपाकघरात पालेभाजी निवडणं, मटकीला मोड आणणं, भाकरीचा छोटा गोळा थापणं. बाजारात जाताना लेकराला पन्नास रुपये आणि एकच वस्तू सांगा, भाव त्यानेच विचारायचा. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कोथिंबिरीची जुडी हुंगून निवडायची हा खेळ आमच्या घरी रोज चालतो.

जोडून काय बघता येईल

दिवस एकच असेल तर शेताला आणखी काही जोडू नका, लेकरं दमतात. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी खरोशाची लेणी. सहाव्या शतकाच्या सुमाराची, गर्दी नसते, आणि नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय यांच्या मूर्ती लेकरांना ओळखायला लावता येतात. लातूर शहरातून जाणार असाल तर गंजगोलाईत, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेत, उतरून एक फेरी मारा. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. ते मोजायचं काम मागच्या सीटवरच्यांना द्या.

नोंदणी करताना

यायच्या दोन दिवस आधी कळवा, कारण कणसं किती खुडायची ते त्यावर ठरतं. माणसांच्या आकड्यासोबत लेकरांची वयं सांगा, कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर तेही सांगा, म्हणजे त्यांच्यासाठी तिळाची चटणी वेगळ्या खलबत्त्यात कुटून ठेवू. सकाळी नऊच्या आत पोहोचा. रविवारी गर्दी होते, जमल्यास शनिवार धरा.