मुंगसा, तोंड दाखव!

नागपुरात सेमिनरी हिल्सकडे सकाळी फिरायला गेलो आणि मुंगूस आडवं गेलं, की या वयातही माझ्या तोंडून निघतंच, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ!’ त्याने वळून पाहिलं तर दिवस चांगला. जपानमधल्या अमामी ओशिमा बेटावरच्या बेडकांना मात्र हे तोंड दिसलं आणि त्यांचे दिवस भरले.

तिथे 1979 मध्ये हाबू नावाच्या विषारी सापाचा बंदोबस्त करायला सुमारे 30 मुंगसं सोडली. आपल्या करड्या मुंगसाचं हे लहान चणीचं भाऊबंद. त्याचे पूर्वज 1910 साली गंगेच्या मुखाकडून जपानच्याच ओकिनावा बेटावर नेलेले. पण मुंगूस हिंडतं दिवसा आणि हाबू निघतो रात्री. गाठ पडणार कधी? मुंगसांनी मग समोर येईल ते खाल्लं. त्यात होता अमामीचा इशिकावा बेडूक. हिरव्या अंगावर सोनेरी-तपकिरी ठिपके, लांबी दहाएक सेंटिमीटर, राहणार डोंगरातल्या ओढ्याकाठी. जगात तो या एकाच बेटावर सापडतो.

बेडूक तर नागपूरचं मुंगूसही खातं. पण इथल्या बेडकांच्या कैक पिढ्या मुंगसाच्या धाकात गेल्या. अमामीवर दबा धरणारे साप होते. माग काढत येणारा असा मांसाहारी सस्तन प्राणी नव्हताच. बेडूक पळणार तरी कशाला?

ते शिकले, हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. तिथल्याच दुसऱ्या एका जातीच्या बेडकांजवळ संशोधक चालत गेले, तेव्हा मुंगसं जिथे आधी पोचली होती तिथले बेडूक माणूस लांब असतानाच उड्या मारून पसार झाले. अवघ्या काही दशकांत!

सापळे लावून, वास काढणारी कुत्री फिरवून जपानने मुंगसं हटवली. सप्टेंबर 2024 मध्ये बेट मुंगूसमुक्त जाहीर झालं. बेडूक त्याआधीच सावरू लागले होते. आपल्याकडे मात्र ब्रशच्या केसांसाठी मुंगसं चोरून मारली जातात, कायद्याने बंदी असूनही.

आणि बेडूक दरवेळी गरीबच असतो असंही नाही. पहिल्या पावसात डबक्यात पिवळाधम्मक होऊन डरावणारा आपला मोठा बेडूक माणसांबरोबर अंदमानात पोचला. तिथे त्याची पिल्लं स्थानिक बेडकांची पिल्लं फस्त करतात.