‘बसून खातोय’ : बेकाराबद्दलचं आपलं मत कुठून येतं?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर एकाच माणसाची हकीकत दोन तऱ्हांनी सांगून बघा. ‘अठरा वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंग केलं, फाउंड्री बंद पडली, आता दीड वर्ष घरी आहे.’ किंवा नुसतं, ‘धडधाकट आहे, दीड वर्ष घरी आहे.’ पहिल्याला ‘कुठंतरी चिकटवायला पाहिजे त्याला’ असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याला, ‘बसून खातोय भावा. काम काय कमी हाय व्हय?’

मदतीला पात्र कोण, हे लोक कशावरून ठरवतात? डच समाजशास्त्रज्ञ विम फान ओरस्कोट यांनी 2000 साली पाच कसोट्या मांडल्या. ही वेळ त्याच्या स्वतःच्या करणीनं आली का? मदत घेताना तो कसा वागतो? आजवर त्यानं समाजाला काही दिलंय का? तो ‘आपल्यातला’ आहे का? आणि गरज किती? यातली पहिली सहसा सगळ्यांत जड पडते. युरोपातल्या पाहण्यांमध्ये म्हणूनच सहानुभूतीची रांग जवळपास ठरलेली दिसते : आधी वृद्ध, मग आजारी आणि अपंग, नंतर बेकार, शेवटी स्थलांतरित. म्हातारपण कुणी ओढवून घेत नाही. नोकरी मात्र ‘यानंच घालवली असेल’ असं म्हणायला फट राहते.

ती फट माहितीनं बुजते. गरजूंना सरकारी मदत देण्यावरच्या खर्चाबाबत डेन्मार्क आणि अमेरिका ही दोन टोकं मानली जातात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हीकडच्या लोकांना मदत घेणाऱ्याविषयी काहीच सांगितलं नाही, तेव्हा अमेरिकन कडक निघाले. तो काम शोधतोय की टाळतोय एवढं एक-दोन वाक्यांत सांगितल्यावर दोन्ही देशांची मतं जवळजवळ सारखी झाली. माहिती नसते तिथं माणूस ठोकळेबाज समजुतीवर निकाल देतो, आणि त्या समजुती मात्र देशोदेशी वेगळ्या.

शब्दही तेच करतात. अमेरिकेत ‘वेल्फेअरवर (म्हणजे सरकारी मदतीवर) सरकार फार कमी खर्च करतं का?’ या प्रश्नाला जितके लोक ‘हो’ म्हणतात, त्याच्या दुपटीहून जास्त लोक ‘गरिबांना मदत’ असं म्हटल्यावर ‘हो’ म्हणतात. आपल्याकडे ‘अनुदान’ आणि ‘रेवडी’ हे शब्द पालटून बघावेत.

दीर्घ बेकारीत आणखी एक गुंता होतो. दिवस जातील तसा ‘इतके महिने काम नाही म्हणजे यातच खोट असणार’ हा तर्क बळावतो, आणि मालकही तोच करतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नोकरीच्या सुमारे 3,000 जाहिरातींना 12,000 बनावट अर्ज पाठवले. बेकारीचा काळ यदृच्छेनं घातलेला, म्हणजे कुवतीशी त्याचा संबंधच नाही. तरी काळ वाढला तशी मुलाखतीची बोलावणी घटली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. खोट नसताना नुसत्या रिकाम्या महिन्यांनी ती दिसू लागते.

मोजणीतही मेख आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येत 12 महिने किंवा जास्त म्हणजे दीर्घ बेकारी. पण आपल्या श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक निकषात सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारातच धरला जातो. इचलकरंजीत यंत्रमाग बंद पडल्यावर आठवड्यात एक दिवस हमाली मिळालेला कामगार बेकारांत येतच नाही. ज्याच्या घरी थांबायची सोय आहे, तो पदवीधर मात्र येतो. ‘बेकार म्हणजे बसून खाणारा’ या समजाला आकडेच असा हातभार लावतात.

आता खर्चाकडे. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या आणि 1977 च्या कायद्यानं हक्क बनलेल्या रोजगार हमी योजनेचे शिल्पकार वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. उन्हात खडी फोडायला येतो तो गरजूच, मग वेगळा दाखला कशाला, ही त्या योजनेतली खुबी होती. पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच हमीसाठी 1975 साली आला. बहुतेक नोकरदारांना हे ठाऊकच नसतं!

कारखान्यातल्या कामगारासाठी दुसरी वाट आहे, कर्मचारी राज्य विमा. वेतनातून 0.75 टक्के कामगाराचे, 3.25 टक्के मालकाचे. 2018 पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, आधी किमान दोन वर्षं विमाधारक असलेल्याला नोकरी गेल्यावर सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. (निम्मी 2020 पासून, आधी पाव होती.) गैरवर्तनासाठी काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर नाही. म्हणजे ‘करणी कुणाची’ आणि ‘आधी दिलंय का’ या कट्ट्यावरच्याच दोन कसोट्या नियमात उतरल्यात. अडतं ते बहुधा हप्त्यांच्या दिवसांवर, कारण ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात : ठेकेदारानं भरणा केला नसेल तर दिवस कमी पडतात. म्हणून नोकरी चालू असतानाच विमा क्रमांकावरची भरण्याची नोंद तपासावी.

हे सगळं कोल्हापुरात पडताळायचं तर एखाद्या कॉलेजच्या गटाला जमेल. सुरुवातीचीच दोन वाक्यं दोन कार्डांवर छापा; खाली प्रश्न एकच, ‘याला सहा महिने सरकारी मदत द्यावी का?’ 400 माणसं घ्या आणि कुणाला कुठलं कार्ड हे नाणं उडवून ठरवा. एक कार्ड रंकाळा तलावावर आणि दुसरं शिरोलीच्या गेटवर वाटलंत, तर फरक शब्दांचा की माणसांचा हे कळणार नाही. नुसतं संध्याकाळी रंकाळ्यावर उभं राहिलं तर फुरसत असलेलेच भेटतात. सकाळी भाजी मंडई आणि पाळी सुटताना कारखान्याचं गेटही धरा. उत्तर तोंडी घेऊ नका, चार लोकांत माणूस चौघांचंच मत सांगतो; चिठ्ठीवर खूण करून डब्यात टाकू द्या. प्रत्येक कार्डाला साधारण 200 उत्तरं आली, तर दोन्हींतला फरक 10 टक्क्यांच्या आत असेपर्यंत तो योगायोगही असू शकतो.