पापोन

पापोन : (२४ नोव्हेंबर १९७५– ). आसामी गायक, संगीतकार, हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायक व ‘पापोन अँड द ईस्ट इंडिया कंपनी’ या फ्यूजन (भिन्न संगीतशैलींचे मिश्रण करणाऱ्या) बँडचे प्रमुख. मूळ नाव अंगराग महंत. वडील खगेन महंत (मृ. २०१४) व आई अर्चना महंत (मृ. २०२०) ही आसामी लोकसंगीतातली मान्यवर जोडी. बिहू या आसामी सणाच्या गीतांमुळे खगेन महंतांना आसामात ‘बिहू सम्राट’ म्हणत. त्यामुळे लोकगीत पापोन यांच्याकडे घरातूनच आले.

जोनाकी राती (चांदणी रात) हा त्यांचा पहिला आसामी गीतसंग्रह साधारणतः २००४ चा मानतात. दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झ या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीबरोबरही त्यांनी काम केले. ईस्ट इंडिया कंपनी या त्यांच्या बँडची स्थापना २००७ मधली. नावात व्यापारी कंपनीवर कोटी आहे, तसाच देशाच्या पूर्वेचा निर्देशही. द स्टोरी सो फार हा संग्रह २०१२ मध्ये निघाला.

त्यांच्या संगीताला सरसकट ‘फ्यूजन’ म्हणतात, पण ही संज्ञा ढोबळ आहे. बिहूच्या जुन्या चाली बहुधा तीन-चार स्वरांतच फिरतात. म्हशीच्या शिंगाचा पेपा व बांबूची गोगोना या बिहूच्या वाद्यांचा आवाकाही मर्यादित. अशा चालीखाली गिटार किंवा इलेक्ट्रॉनिक ठेका लांबवर धरून ठेवला तरी ती मोडत नाही. म्हणून या रचनांना आधुनिक साज चढवलेले लोकगीत म्हणणे अधिक युक्त.

झुमोर या चहामळ्यांतील नृत्यगीताच्या प्रकाराबाबत मात्र मुळाचाच प्रश्न येतो. एमटीव्हीच्या कोक स्टुडिओ या संगीत कार्यक्रमात पापोन यांनी चहामळ्यांतील गायक दुलाल मानकी यांना सोबत घेऊन तो सादर केला. आसामचे म्हणून ओळखले जाणारे हे गीत एकोणिसाव्या शतकात, बहुधा त्याच्या मध्यापासून, छोटा नागपूर व लगतच्या भागांतून चहामळ्यांवर आणलेल्या मजुरांबरोबर आले असावे. काही अभ्यासक त्याचा संबंध संगीतदामोदर या संस्कृत ग्रंथातील ‘झुमुरी’शी जोडतात, तर काही हे नाव घुंगरांच्या नादावरून आल्याचे मानतात. नाचाशी असलेले त्याचे नाते पाहता दुसरे मत सोपे वाटते, पण दोन्ही अनुमानेच. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला बिहू आणि मळ्यातला झुमोर यांची परंपरा वेगळी, हे ऐकताना विसरू नये.

पार्श्वगायक म्हणून त्यांचे नाव दम मारो दम (२०११) मधील ‘जियें क्यूँ’ने सर्वदूर झाले. पुढे बर्फी! (२०१२), स्पेशल २६ (२०१३) व सुलतान (२०१६) हे चित्रपट आले. दम लगा के हईशा (२०१५) मधील ‘मोह मोह के धागे’ त्यांचे सर्वांत लोकप्रिय गीत. त्याच गीताच्या स्त्रीस्वरातील आवृत्तीसाठी मोनाली ठाकूर यांना, तर शब्दांसाठी वरुण ग्रोव्हर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.